अप्पांची खाडी

मला अप्पा कधी आवडले नाहीत, हे आधीच सांगून टाकतो. त्यांच्याबद्दल सांगताना मध्ये मध्ये हसू येईल, कारण माणूस तसा हसण्यासारखाच होता. पण त्यांच्या माडीवर आम्ही नवराबायको बरीच वर्षं भाड्यानं राहिलो, आणि तिथून सामान हलवलं त्या दिवशी आमच्या दोघांच्याही तोंडातून 'सुटलो' हाच शब्द निघाला.

सोलापुरात भर पेठेत त्यांचं दोरखंडाचं दुकान होतं. सुतळी, काथ्या, विहिरीचे नाडे, बैलांची दावी. जुनं लिंगायत व्यापारी घर. दुकानात मराठी, स्वयंपाकघरात कानडी. रोज आंघोळीनंतर कपाळभर विभूती, गळ्यातल्या लिंगाची पूजा, मग ज्वारीची भाकरी. अंडं या शब्दानंसुद्धा त्या घरात विटाळ व्हायचा. आणि या माणसाला वेड कशाचं, तर खाऱ्या पाण्यातले मासे धरायचं.

तरुणपणी काथ्याच्या खरेदीसाठी ते कोकणात गेले होते. व्यापाऱ्याची वाट बघत खाडीच्या काठी बसले असताना शेजारी कुणीतरी गळ टाकून बसलं होतं. त्यानं गंमत म्हणून दोरी यांच्या हातात दिली आणि तेवढ्यात मासा लागला. "आतून कुणीतरी वडलं की हो!" अप्पा सांगायचे, आणि सांगताना उजवा हात असा झटकायचे की समोरच्याच्या चहाच्या कपाला धोका. "जल्मात कुणी आसं वडलं न्हवतं मला." त्या वर्षापासून होळी झाली की अप्पा कोकणात. चैत्र सरता सरता परत. पाडव्याच्या सुमारास शेतकरी दोर घ्यायला यायला लागत, नेमक्या त्या दिवसांत दुकानाच्या गादीवर त्यांची बायको बसायची. तिला सगळी गल्ली अव्वा म्हणायची. आम्हीही तेच म्हणू लागलो.

अप्पा मासा खात नसत. शिवतसुद्धा नसत, असं त्यांचं म्हणणं. गळातून काढायचं काम होडीवाल्याचं. याच मुद्द्यावर एकदा मठातल्या स्वामींनी त्यांना बोलावून घेतलं. अप्पांनी नमस्कार केला आणि विचारलं, "खाणं पाप हाय का न्हाय, स्वामी?" स्वामी म्हणाले, आहे. "मग मी कुटं खातो?" स्वामी म्हणाले, मारणंही पाप आहे. अप्पा म्हणाले, "मी मारत न्हाय. मी वर काढतो. पुढचं त्येचं त्यो बघतो." हा किस्सा ते वर्षानुवर्षं रंगवून सांगत. स्वामी गप्प बसले ते निरुत्तर झाले म्हणून, असा त्यांचा समज होता.

शिवरात्र झाली की त्यांचा गच्चीवर सराव सुरू व्हायचा. वेताची लांब काठी, दोरीच्या टोकाला शिशाचं वजन, आणि गच्चीच्या दुसऱ्या टोकाला पितळी घमेलं. वजन घमेल्यात पडलं की ठण्ण असा आवाज यायचा आणि आमच्या डोक्यावरचं छत दणाणायचं. एकदा खऱ्या गळानं सराव करताना समोरच्या ट्रकवाल्या चाचांचा वाळत घातलेला पायजमा अडकून गल्लीवरून तरंगत आला. चाचा खिडकीतून ओरडले, "अप्पा, मच्छी समजको मेरा पैजामा पकडे क्या?" सगळी गल्ली हसली. अप्पा हसले नाहीत. "वारा आडवा हाय," एवढंच म्हणाले आणि पायजमा सोडवायचं काम अव्वांकडं देऊन पुन्हा काठी उचलली.

भरती-ओहोटीचा हिशोब त्यांच्या डोक्यात सतत चालू. तिथी बघायची आणि सोलापुरात बसून खाडीतलं पाणी सांगायचं. "आज अष्टमी. पाण्याला जोर न्हाय." "उद्या पुनव. उधाण लई." पेठेतले एक जुने व्यापारी वारले, तेव्हा प्रेताजवळ सगळे खाली मान घालून बसलेले असताना अप्पा शेजारच्याला म्हणाले, "आत्ता खाडीला पाणी चढलं आसंल." शेजारी मीच होतो. मयताचा मुलगा समोर होता. त्यानं ऐकलं आणि तोंड फिरवलं.

माणूस लहरी असला तर मला त्याचं काही वाटत नाही. मला राग यायचा तो अव्वांशी त्यांच्या वागण्याचा. मारझोड नाही, शिव्या नाहीत. अव्वा त्यांना दिसतच नसत. ताट समोर आलं की जेवायचं, धोतर धुतलेलं मिळालं की नेसायचं. कोकणातून आल्यावर महिन्याभराचे कुबट, खारट वासाचे कपडे न्हाणीत फेकायचे आणि गादीवर जाऊन बसायचं. माझ्या मागं दुकान कसं चाललं, असं विचारलेलं मी कधी ऐकलं नाही.

अव्वा ठेंगण्या, गोऱ्या, बोलायला मोकळ्या. अर्धं मराठी, अर्धं कानडी. काही बिनसलं की "होगलि बिडु" म्हणायच्या, म्हणजे जाऊ दे. दिवसातून किती वेळा म्हणायच्या! माझी बायको मोडनिंबची, शहरात नवी. तिला हातावर भाकरी थापायला, पेठेत भाव करायला, सगळं अव्वांनी शिकवलं. आमचं पहिलं मूल पोटातच गेलं तेव्हा महिनाभर खालून वर जेवण यायचं. ताट स्वतः घेऊन यायच्या, पायऱ्यांवर धापा टाकत.

त्यांनी समुद्र पाहिला नव्हता. मी सरकारी नोकरीत, खात्याच्या ट्रेनिंगला मुंबईत राहून आलेलो, म्हणून एकदा मला विचारलं, "पाण्याचा पल्याडचा काठ दिसतच न्हाय म्हणतात. खरं काय?"

"खरं आहे."

"मग ह्ये महिनाभर बघत काय बसतात तितं?"



एका वर्षी, अप्पांची पिशवी भरून झाली होती, आम्ही दोघं त्यांच्या ओसरीवर बसलो होतो, तेव्हा अव्वा आमच्यादेखत म्हणाल्या, "यंदा मला न्या की. चार दिस. दुकान लेक बघंल." त्यांची एकुलती एक लेक अक्कलकोटच्या पलीकडं, हद्दीवरच्या गावात दिली होती.

अप्पांनी पिशवीचा बंद आवळला. "तितं बायकांला उतरायला जागा न्हाय."

"होगलि बिडु," अव्वा म्हणाल्या आणि आम्हाला चहा आणायला आत गेल्या.

ज्या वर्षीचं सांगतोय त्या वर्षी दुष्काळ नुकताच सरला होता. विहिरींना पाणी आलं होतं, नाड्यांना मागणी होती, दुकानात गर्दी होती. तरी होळी झाली आणि अप्पा निघाले. जाताना होडीवाल्याचा पत्ता माझ्याकडं देऊन म्हणाले, "दुकानाला आग लागली तरच तार करा. न्हायतर नको." ते थट्टेनं म्हणाले नव्हते.

चैत्रातल्या एका सकाळी अव्वांच्या छातीत दाटून आलं. गच्चीवर सांडगे घालत होत्या. तसंच पीठ लागलेल्या हातांनी खाली आल्या आणि माझ्या बायकोला हाक मारली. डॉक्टर आले, म्हणाले दवाखान्यात हलवा. टांगा दारात येईपर्यंत सगळं संपलं होतं. माझ्या बायकोच्या मांडीवर.

मी धावत तारऑफिसात गेलो. पत्नीचे निधन, ताबडतोब निघा. लेकीकडं माणूस पाठवला. ती दुपारी आली, ऊर बडवतच आली. त्यांच्या रीतीप्रमाणं अव्वांना आंघोळ घालून, नवं लुगडं नेसवून, विभूती लावून भिंतीला टेकवून बसवलं. डोक्याला मोगऱ्याचे गजरे. येणारी बाई समोर बसायची, हात जोडायची. डोळे मिटलेल्या अव्वा तशा बसलेल्या बघून वाटायचं, आत्ता उठतील आणि चहाचं विचारतील.

अप्पा येईनात. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुसरी तार केली. सोलापूरचा उन्हाळा. बर्फ आणला, पंखे लावले, पण जंगमस्वामी दुपारी म्हणाले, आता थांबता येणार नाही. लेक म्हणाली, "अजून एक बस बघा." ती बसही बघितली. चाचांचा मुलगा स्टँडवर जाऊन उभा राहिला आणि मान हलवत परत आला. शेवटी जावयानं सगळं केलं. बसलेल्या अव्वांना तसंच विमानातून, म्हणजे फुलांनी सजवलेल्या डोलीतून, नेलं आणि खड्ड्यातल्या कोनाड्यात बसवलं, हातात लिंग देऊन. माती लोटताना लेक एकच वाक्य म्हणत होती, "अप्पा बरलिल्ला, अप्पा बरलिल्ला." अप्पा आले नाहीत.

आम्हाला वाटलं, त्यांचंच काहीतरी बरंवाईट झालं असावं. होडी उलटली असेल. लेकीनं मला हात जोडले आणि मी निघालो. मिरज, कोल्हापूर, घाट उतरून खाली. रत्नागिरीच्या पुढं खाडीच्या तोंडाशी ते गाव होतं. बसमधून उतरलो आणि होडीवाल्याचं घर विचारलं. गावात त्याला तांडेल म्हणत. माडांच्या खाली स्वच्छ सारवलेलं मोठं घर, लांबरुंद पडवी, पाहुण्यांसाठी वेगळी खोली. दहा बायका सहज उतरल्या असत्या.

तांडेलाची म्हातारी आई पडवीत होती. मी सोलापूरहून आलो म्हटल्यावर तिचा चेहरा फुलला. "आमच्या अप्पांच्या गावचे? बसा, बसा." सुनेला हाक मारून पाणी आणवलं, गूळ आणवला.

"अप्पा बरे आहेत ना?" मी विचारलं.

"बरे म्हणजे! माझ्या मुलासंगती बाहेरच्या पाण्यात गेलेत, सुरमईला. सकाळचे खाडीत, दुपारचे बाहेर. भरतीबरोबर येतील आता."

मी विचारलं, "तार नाही मिळाली इथं?"

म्हातारी गंभीर झाली. उठून देवाच्या फोटोमागून दोन्ही तारा काढून माझ्या हातात दिल्या. "बरं झालं तुम्हीच विचारलंत. कुणाची मेल्याची ही चेष्टा, सांगा बघू. शाळेतल्या मास्तरांनी वाचून दाखवली तेव्हा आम्हाला कापरं भरलं. त्यांची बायको गेली त्याला किती वर्षं झाली! आणि आता तार करतात? आम्ही सगळ्यांनी ठरवलं, निघायच्या दिवशी दाखवू. चार दिवस सुखाचे येतात बिचारे, कशाला जुनी जखम उकरायची?"

मला नीट समजलं नाही असं वाटून मी म्हणालो, "कुणाची बायको गेली?"

"अप्पांची. ते पहिल्यांदा आले तेव्हाच म्हणाले, घरी कुणी नाय. गेली. मूलबाळ नाय. त्यानंतर दरवर्षी ते आले की तिच्या नावानं मी खाडीवर दिवा सोडते. तिचं नाव त्यांच्यापाशी काढत नाय कधी. दिवा बघितला की ते डोळे पुसतात."

ती भली बाई माझ्यासाठी शहाळं फोडायला सांगत होती.

होडी आली. अप्पा पुढं बसले होते, धोतर गुडघ्यावर खोचलेलं, पाय पाण्यात सोडलेले. तांडेल काहीतरी म्हणाला आणि अप्पा मान मागं टाकून हसले. मी इतकी वर्षं त्यांच्या घरात राहत होतो, त्यांचे सगळे दात पहिल्यांदा पाहिले. होडीत कमरेएवढी लांब सुरमई पडली होती. वाळूवर उतरताना त्यांनी तांडेलाच्या खांद्यावर हात ठेवला, पोरांना हाका मारल्या, सुनेला म्हणाले, "पोरी, आज तुमची चैन!" असा लाघवी माणूस मी सोलापुरात कधी पाहिला नव्हता.

मग त्यांना मी दिसलो.

"अप्पा," मी म्हणालो, "अव्वा गेल्या. परवा माती दिली."

त्यांनी माझ्याकडं पाहिलंच नाही. त्यांची नजर माझ्या मागं पडवीत उभ्या असलेल्या म्हातारीकडं गेली. आणि हळू आवाजात त्यांनी मला जे विचारलं ते आजही माझ्या कानात आहे.

"ह्यांला सांगितलं काय तुमी?"

तांडेल पुढं आला. "कोण गेली म्हणता?"

"यांची बायको."

"म्हणजे दुसरी केली होती?"

"पहिली-दुसरी काही नाही," मी म्हणालो. "एकच होती. तीन दिवसांपूर्वीपर्यंत जिवंत होती. एक लेक आहे. दोन दिवस यांची वाट बघितली सगळ्यांनी. तारा तुमच्याकडं पोचल्या होत्या."

पोरांनी वाळूवर ओढून टाकलेली सुरमई तेवढी अजून शेपूट आपटत होती. म्हातारी पडवीच्या पायऱ्या उतरून आली आणि त्यांच्यासमोर उभी राहिली. तिनं हात उगारला नाही, आवाज चढवला नाही.

"जित्या सवाष्णीच्या नावानं माझ्या हातून दिवे सोडून घेतलेस?" ती म्हणाली. "इतकी वर्षं? मी मारली रे तिला. माझ्या दिव्यांनी मारली."

आणि ती मटकन वाळूत बसली. सून धावली. मी सांगायचा प्रयत्न केला की आजी, तसं नसतं, तुमचा काही दोष नाही. तिनं ऐकलं नाही. कपाळावर हात मारून तेच ते म्हणत राहिली. अप्पा एक पाऊल पुढं झाले तर तांडेलानं हात आडवा धरला. मग तो आत जाऊन अप्पांची पिशवी आणि काठी घेऊन आला आणि रस्त्याच्या कडेला ठेवली.

"शेवटची बस अजून मिळेल," एवढंच तो म्हणाला. ती मोठी सुरमई कुणी उचलली नाही. आम्ही निघालो तेव्हा तिच्यावर कावळे जमायला लागले होते.

घाट चढून वर आलो. शेवटी मला राहवेना. "असं का सांगितलंत?"

ते खिडकीबाहेरच बघत होते. "म्हातारीनं इचारलं, घरी कोण? माझ्या तोंडातनं निघालं, कोण न्हाय. का निघालं ठावं न्हाय. पण निघालं आन् लई हलकं वाटलं बघा. मग तिनं पाठीवर हात फिरवला. असा हात कुणी फिरवला न्हवता माझ्या पाठीवर. पुढं मग परत जिती कशी करणार?"

"अव्वांनी काय केलं होतं तुमचं?"

"काय न्हाय," ते म्हणाले. "ती काय करणार?"

हे ते इतक्या सहज म्हणाले की मी उठून पुढच्या बाकावर जाऊन बसलो.

घरी लेक दारातच उभी होती. "अप्पा, तार मिळाली न्हाय?"

"कुटली तार?" अप्पा म्हणाले आणि दाराशीच रडायला लागले. रडणं खरं असावं, मी ते नाकारत नाही. पण त्या रडण्यातच ते पोस्टाला शिव्या द्यायला लागले. भेटायला येईल त्याला सांगत, पोस्टानं घात केला, माझ्या लक्ष्मीचं तोंड बघू दिलं न्हाय. पेठेतल्या व्यापाऱ्यांनी हळहळ व्यक्त केली. कुणी म्हणालं, तक्रार करा. अप्पा म्हणाले, करतोच की. दोन्ही तारा माझ्या सदऱ्याच्या खिशात होत्या. वेळच्या वेळी पोचल्याचे शिक्के त्यांच्यावर होते.

लेक माडीवर आली. तिनं मला सरळ विचारलं, "काय झालं तितं? खरं सांगा." मी सांगितलं, सगळं, म्हातारीच्या दिव्यांसकट. ती रडली नाही. खाली गेली, आईची लुगडी गाठोड्यात बांधली, देव्हाऱ्यातली आईची विभूतीची डबी घेतली आणि नवऱ्याबरोबर बैलगाडीच्या अड्ड्याकडं चालत निघाली. अप्पा ओसरीवरून म्हणाले, "परत कदी येणार?" तिनं मागं पाहिलं नाही. त्यांच्या हयातीत ती त्या घरात परत आली नाही.

वर्षभर अप्पा दुकानात बसले. स्वयंपाकाला बाई ठेवली. मला वाटलं, गळ संपला. पण पुढच्या होळीनंतर पिशवी भरली गेली. या वेळी खाली, मालवणच्या अंगाला, दुसऱ्याच एका गावी. पत्ता कुणाकडं ठेवला नाही. जिच्यासाठी तार करावी असं घरात कुणी उरलंही नव्हतं. चैत्र सरता परत आले, उन्हानं रापलेले. ताजेतवाने दिसत होते, हे मला लिहावंसं वाटत नाही, पण दिसत होते.

त्यानंतर काही आठवड्यांनी दुपारच्या वेळी आम्ही दोघं खाली ओसरीवर असताना दारावर एक जोडपं आलं. कोकणातली माणसं. तुळजापूरला देवीला निघाले होते, वाटेत सोलापूर म्हणून आले. अप्पांचं घर हेच ना, म्हणाले. अप्पा या वर्षी आमच्याच होडीतून जात होते. बाईच्या हातात वेताची टोपली होती. त्यात आमसुलं, आंब्याची साठं आणि वर हिरव्या बांगड्यांचा जोड.

"वहिनींसाठी आणलंय," बाई माझ्या बायकोला म्हणाली. "किती सांगतात अप्पा त्यांच्याबद्दल! आमची ही अशी, आमची ही तशी. जेवायला बसले की पहिली आठवण वहिनींची. म्हटलं, इतक्या लांबून आलो तर त्यांना बघितल्याशिवाय जायचं नाय. कुठायत?"

माझी बायको माझ्याकडं बघायला लागली. मी तोंड उघडलं. तेवढ्यात आतल्या दारात अप्पा येऊन उभे राहिले. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं, पुढं येऊन बाईच्या हातातली टोपली दोन्ही हातांनी जपून घेतली, आणि हलक्या आवाजात म्हणाले,

"आत्ताच डोळा लागलाय तिचा. मी देतो तिला."